खडूचं रिंगण



सुरुवातीलाच एक सूचना देऊन ठेवतो. माझं बोलणं चालू असताना मागून काहीतरी पडल्याचा, घरंगळल्याचा किंवा आपटल्याचा आवाज आला, तर घाबरू नका. आमच्या घरात सध्या प्रयोग चालू आहेत. प्रयोगशाळेच्या प्रमुख एक वर्ष दहा महिन्यांच्या आहेत आणि दुपारची झोप त्यांना मान्य नाही.

मी मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला. तेहतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झालो. मुलगा आणि सून दोघंही कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये नोकरीला. नात अकरा महिन्यांची झाली, सूनबाईंची रजा संपली, आणि आम्ही दोघं नवराबायको सामान बांधून इकडे आलो. घर भवानीपुरात, हाजरा मोडच्या जवळ. जुनं घर आहे. लाल सिमेंटची गुळगुळीत जमीन, उंच खिडक्या, हिरव्या झडपा, लोखंडी गज. खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहतात. त्यांना सगळी गल्ली मासीमा म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. त्या मला मास्टरमोशाय म्हणतात.

पहिल्याच आठवड्यात आमच्याकडे भाषेवरून भांडण झालं. मासीमा वर आल्या, तेव्हा नात माझ्या चपलेची चव बघत होती. त्या हसून म्हणाल्या, "की दुष्टू मेये!" आमच्या हिला बंगाली येत नाही, पण 'दुष्ट' हा शब्द तिला कळला. मासीमा गेल्यावर ती तणतणली, "माझ्या लेकराला दुष्ट म्हणते? दुष्ट असेल ती!" संध्याकाळी मुलानं सांगितलं, की बंगालीत 'दुष्टू' म्हणजे खोडकर, लाडानं म्हणायचा शब्द आहे. तेव्हा कुठं घर शांत झालं.

पण माझ्या डोक्यात ते राहिलं. एक मूल चप्पल चाटतं. बंगालीत ते दुष्टू होतं, मराठीत द्वाड, उपद्व्यापी, खोडकर होतं. आम्ही कौतुक केलं तरी म्हणतो काय? "काय उद्योग चाललेत बाईसाहेबांचे?" ती खरंच काय करत असते, यासाठी शब्द नाही आपल्याकडे. आहे, पण तो आपण मोठ्या माणसांसाठी राखून ठेवलाय. ती शोध घेत असते.

हे आज मी शहाण्यासारखं सांगतोय. तेव्हा कळलं नव्हतं. कसं कळलं, तेच आज सांगायचं आहे.

गेल्या सप्टेंबरमधली गोष्ट. गणपतीचे दिवस. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात इथली मराठी मंडळी जमतात, पण हिचा हट्ट, की घरीही बसवायचा. नात चौदा महिन्यांची, नुकती पावलं टाकायला लागलेली. म्हणून मी सुरक्षिततेचा विचार करून समया टाळल्या आणि प्लॅस्टिकचे लुकलुकणारे दिवे आणले. मेणबत्तीसारखे दिसतात, आत चपटा सेल असतो. आग नाही, चटका नाही. मी स्वतःवर खूश होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ही खाली मासीमांकडे मोदक द्यायला गेली होती. घरात मी आणि नात. मी पेपर वाचत होतो. खरं सांगायचं तर पेपर तोंडावर होता आणि माझा डोळा लागला होता. किती वेळ? दहा मिनिटं असतील. जाग आली ती शांततेमुळे. ज्यांच्या घरात एवढं मूल आहे त्यांना माहीत आहे, आवाजाची भीती नसते, शांततेची असते. बघतो तर नात मखरापुढे बसलेली. तिच्या हातात एक दिवा, उलटा. खालचं झाकण बाजूला. आणि आतला सेल नाही.

मी तिचं तोंड उघडून बघितलं. काही नाही. फ्रॉक झटकला, चटई उचलली, जमिनीवर पालथा पडून कपाटाखाली बघितलं. काही नाही. आणि ती शांतपणे माझ्याकडे बघत होती.

आता यातलं विज्ञान सांगतो, कारण ते प्रत्येक घराला माहीत पाहिजे. तो चपटा सेल रुपयाच्या नाण्याएवढा असतो. त्याच्यावर 2032 असा आकडा असतो. म्हणजे व्यास 20 मिलिमीटर आणि जाडी 3.2 मिलिमीटर. दाब 3 व्होल्ट. एवढासा सेल मुलाच्या अन्ननलिकेत अडकला, की दोन्ही बाजूंना ओलावा मिळतो आणि विद्युतमंडल पूर्ण होतं. लाळेतल्या पाण्याचं विद्युत अपघटन सुरू होतं. ऋण बाजूला हायड्रॉक्साइड तयार होतं, म्हणजे तीव्र अल्कली, आणि ते आतली त्वचा जाळायला लागतं. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. सेल फुटावा लागत नाही, गळावा लागत नाही. रिमोट चालत नाही म्हणून काढून ठेवलेल्या सेलमध्येही एवढं करण्यापुरता जोर शिल्लक असतो. आणि सुरुवातीला मूल रडेलच असं नाही.

हे विद्युत अपघटन मी तेहतीस वर्षं फळ्यावर काढलं. बीकर, दोन विद्युतअग्रं, बुडबुडे. पाच गुणांचा प्रश्न. त्या दुपारी तो प्रश्न माझ्या नातीच्या गळ्यात आहे की नाही, हे मला माहीत नव्हतं.

मी तिला उचललं, हिला जिन्यातून हाक मारली आणि रस्त्यावर आलो. पिवळी टॅक्सी मिळाली. ड्रायव्हरला मी मराठी, हिंदी सगळं एकत्र करून काय सांगितलं देव जाणे, पण त्याला कळलं. इस्पितळात एक्सरे काढला. गळ्यापासून पोटापर्यंत. तरुण डॉक्टर होता. त्यानं समजावलं, की नाणं आणि सेल एक्सरेत सारखेच गोल दिसतात, पण सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं. मग फिल्म उजेडासमोर धरून म्हणाला, "इथं काहीच नाही. ना नाणं, ना सेल." मी तिथल्या बाकावर बसलो तो उठताच येईना. मुलगा आणि सून धावत आले. सून काही बोलली नाही. मुलगाही काही बोलला नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

रात्री घरी आलो. झोप येईना म्हणून काहीतरी वाचावं, असं म्हणून चष्म्याचं घर उघडलं. चष्म्याच्या शेजारी तो सेल. नीट ठेवलेला. तिनं एका डबीचं झाकण उघडलं होतं, आतली वस्तू काढली होती, दुसऱ्या डबीत ठेवली होती आणि झाकण लावलं होतं. ते झाकण दाबून लावावं लागतं. चौदा महिन्यांच्या मुलीनं लावलं होतं.

आज मला त्यातलं कौशल्य दिसतं. त्या रात्री दिसलं नाही. त्या रात्री मी ठरवलं, की आता हिला मोकळं सोडायचं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी घराचा बंदोबस्त सुरू केला. स्वयंपाकघराच्या दाराला जाळीचं फाटक. बाकीची दारं बंद. बैठकीच्या खोलीत एका कोपऱ्यात सतरंजी, तिच्याभोवती कठडा, आत दहा खेळणी. आणि माझ्या तोंडात एकच शब्द. नको. हात लावू नको. तिकडे नको. छी, नको. स्वयंपाकाला येणाऱ्या मासींनी त्यात "ना ना" घातलं. आम्ही तिघं मिळून दिवसभर त्या पोरीला दोन भाषांत नकार देत होतो.

आणि त्याचा उपयोग झाला. हे सांगायलाच पाहिजे. पंधरा दिवसांत मुलगी शहाणी झाली. टीपॉयवर काही दिसलं, की समोर उभी राहायची, दोन्ही हात मागे घ्यायची, एक बोट हलवून स्वतःच म्हणायची, "नत्तो." पाहुणे म्हणायचे, किती गुणी मूल! मीही मान डोलवायचो.

मग एक दिवस जेवताना माझ्या हातातून चमचा पडला. महिन्यापूर्वी असं झालं असतं, तर ती झेपावली असती, उचलला असता, पुन्हा टाकला असता, पुन्हा उचलला असता. त्या दिवशी तिनं चमच्याकडे बघितलं आणि मग माझ्या तोंडाकडे बघितलं. काही केलं नाही. परवानगी आहे का, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं.

मंडळी, ती नजर माझ्या ओळखीची होती. तेहतीस वर्षं मी ती नजर बघितली आहे. वर्गात प्रयोग दाखवायचा, धडा संपवायचा आणि विचारायचं, "कुणाला काही शंका?" आणि साठ मुलं तशीच माझ्याकडे बघत बसायची. मी घरी येऊन म्हणायचो, आजकालच्या पोरांना कुतूहलच नाही. आठवीचा वर्ग गप्प का असतो, हे मला कधी कळलं नाही. चमचा पडला त्या दिवशी वाटलं, आपण तो वर्ग आपल्या घरात तयार करतोय. याला माझ्याकडे पुरावा नाही. शिक्षकाला आलेली शंका म्हणा.

त्याच आठवड्यात मासीमा वर आल्या. त्या स्वतः शाळेत बंगाली शिकवायच्या. कठड्यातल्या नातीकडे बघून हिंदी-बंगालीच्या मिश्रणात म्हणाल्या, "मास्टरमोशाय, आपण तर श्याम झालात." मी विचारलं, कोण श्याम?

त्यांनी सांगितलेली गोष्ट रवींद्रनाथांच्या 'जीवनस्मृती'त आहे. पुस्तक 1912 सालचं. भवानीपुरापासून लांब नाही, याच शहरात उत्तरेला जोडासांकोचा ठाकूरवाडा आहे. रवींद्रनाथ तिथं लहानाचे मोठे झाले. मोठं घर, मुलं नोकरांच्या ताब्यात. त्यातला एक श्याम, खुलना जिल्ह्यातला. त्याला पोराला सांभाळायचा कंटाळा. मग तो काय करायचा? छोट्या रवीला एका जागी बसवायचा, त्याच्याभोवती खडूनं रिंगण काढायचा आणि गंभीर चेहरा करून बोट वर करून सांगायचा, याच्या बाहेर पाऊल टाकलंस तर संकट येईल. काय संकट, ते सांगायचा नाही. रवीला सीतेची गोष्ट माहीत होती. लक्ष्मणरेषा ओलांडल्यावर काय होतं, हे ठाऊक असल्यामुळे पोरगा हलायचा नाही. त्याचं नशीब, की शेजारी खिडकी होती. खिडकीखाली घाट बांधलेलं तळं, काठावर मोठा वड. दिवसभर तो ते बघत बसायचा.

मी म्हटलं, "मग काय बिघडलं? रवींद्रनाथ झाले की!" मासीमा म्हणाल्या, "झाले. आणि मोठेपणी त्यांनी शाळा काढली ती झाडाखाली. भिंती नाहीत. असं का केलं असेल?" शांतिनिकेतनची ती शाळा 1901 साली पाच विद्यार्थ्यांवर सुरू झाली. आपले पु. ल. त्याच शांतिनिकेतनात पन्नाशीत बंगाली शिकायला जाऊन राहिले होते, हे मी मासीमांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघा. तुमच्याकडेही आहेत की रिंगणाबाहेर जाणारे."

मी चिडलो होतो, खोटं कशाला बोलू. श्यामला कंटाळा होता, मला भीती होती. एक्सरेची फिल्म मी बघितली होती, मासीमांनी नाही. पण रात्री मी मुलाला विचारलं. म्हटलं, तुला काय वाटतं, कठडा काढावा का? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाबा, मी चौथीत रेडिओ उघडला होता, आठवतं? आत माणसं कशी बोलतात ते बघायला. तुम्ही मला पट्टीनं मारलं होतं."

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. त्याला आठवत होतं. तो रागानं बोलला नाही. एवढंच म्हणाला, "तिला मारू नका आणि बांधूही नका. धोका काढा."

धोका काढा. दोन अक्षरं आणि दोन अक्षरं. पण त्यात सगळी दिशा बदलते. मुलीला वस्तूंपासून दूर करायचं नाही, वस्तूंना मुलीपासून दूर करायचं. काम माझं आहे, तिचं नाही.

पुढच्या रविवारी मी हातात टॉर्च घेऊन गुडघ्यांवर सगळं घर फिरलो. सहासष्टाव्या वर्षी गुडघ्यांवर चालणं काय असतं, ते विचारू नका. पण उभ्यानं जे दिसत नव्हतं ते दिसलं. ऐका. ओट्याखाली बोटी. आपली विळी असते तशीच, पण मासळी कापायची, उभ्या पात्याची, जमिनीवर ठेवलेली. न्हाणीघरात फिनेल आणि संडास साफ करायचं ॲसिड, दोन्ही जमिनीवर. त्यातलं ॲसिड पाण्याच्या जुन्या बाटलीत ओतून ठेवलेलं. बादली काठोकाठ भरलेली. एवढ्या मुलाचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं, बादलीत वाकून तोल गेला तर त्याला परत वर येता येत नाही, आणि चार-पाच बोटं पाणीही पुरतं. कपाटाच्या खालच्या खणात डांबराच्या गोळ्या, पांढऱ्याशुभ्र, अगदी पेपरमिंटसारख्या. देवघरात खालच्या फळीवर कापराची डबी. कापूर आपण पवित्र मानतो, पण थोडासा पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. डासांच्या औषधाचं यंत्र खालच्या प्लगमध्ये. खिडकीपाशी स्टूल, आणि खिडकीला आडवे गज, म्हणजे शिडीच.

आणि सगळ्यात शेवटी सापडली ती माझ्या पलंगाशेजारची सात खणांची डबी. सोमवार ते रविवार, रक्तदाबाच्या गोळ्या. आजीच्या साखरेच्या गोळ्या उशीखाली. आठवडाभर मी त्या मुलीला नको नको म्हणत होतो, आणि घरातलं सगळ्यात मोठं विष मी स्वतः तिच्या हाताच्या उंचीवर ठेवलं होतं. आजी-आजोबा सांभाळायला येतात ते आपली औषधं घेऊन येतात. हे माझ्या वयाच्या प्रत्येकानं लक्षात ठेवा.

मग आम्ही घराच्या तीन वाटण्या केल्या. पहिली, ज्यानं जीव जाईल किंवा मोठी इजा होईल असं सगळं: औषधं, ॲसिड, गोळ्या, कापूर, सेल, बोटी. ते वर, कुलपात. चपट्या सेलची जी वस्तू स्क्रूनं बंद होत नाही, ती घरातच नको. बादल्या रिकाम्या आणि उपड्या. दुसरी वाटणी, ज्यानं तिला काही होत नाही पण आमचं नुकसान होतं: चष्मा, मोबाइल, सूनबाईंचा लॅपटॉप, आजीची काचेची बरणी. तेही वर, पण कुलूप नको. आणि तिसरी वाटणी, उरलेलं सगळं घर. ते तिचं. कठडा काढून मुलानं गच्चीवर नेऊन ठेवला. फाटक ठेवलं, कारण गॅस आहे. पण ओट्याखालचं एक कपाट रिकामं करून तिला दिलं. त्यात वाट्या, फुलपात्रं, पोळपाट, लाटणं, रवी, एक झाकणाचा डबा.

लहान वस्तूंचं एक माप सांगून ठेवतो. टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी असते ना, तिच्यातून जी वस्तू आरपार जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात नको. आणि शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं हे खाऊ असले तरी याच यादीत येतात.

आजी मात्र राजी नव्हती. ती म्हणाली, "माझं घर म्हणजे काय बाजार आहे? पाहुणे आले की वाट्या बैठकीत!" तिचंही बरोबर होतं. इथं चौरंगीवर इंडियन म्यूझियम आहे, 1814 साली सुरू झालेलं. इथली माणसं त्याला जादूघर म्हणतात. आत इजिप्तची ममी आहे, सगळं काचेमागे. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. आणि बालीगंजकडे गुरुसदय रोडवर बिर्ला तांत्रिक संग्रहालय आहे, 1959 सालचं. तिथं बटणं दाबायची, चाकं फिरवायची, तळघरात कोळशाची खोटी खाण आहे तिच्यात उतरायचं. मी हिला म्हटलं, आपल्या घरात दोन्ही ठेवू. तुझं देवघर आणि तुझं काचेचं कपाट हे जादूघर. बाकीचं संग्रहालय. ते तिला पटलं. पूर्ण नाही, पण पटलं.

आता पुढचं ऐका. नात लगेच पूर्वीसारखी झाली नाही. कपाट उघडं होतं, तरी ती दोन दिवस समोर उभी राहून आमच्या तोंडाकडे बघत होती. बोट हलवून "नत्तो" म्हणत होती. नकार पंधरा दिवसांत शिकवला होता, तो काढायला महिना गेला. शेवटी मी स्वतः जमिनीवर बसलो आणि फुलपात्रं आपटायला लागलो. तिला वाटलं असेल, आजोबा बिघडले. मग तिनं हळूच लाटणं उचललं.

आणि मग मी बघायला लागलो. नुसता बघायला. ती एकच चमचा पंधरा वेळा टाकते, तेव्हा पंधराही वेळा सारखं करत नाही. एकदा उंचावरून, एकदा खालून, एकदा डाव्या हातानं, एकदा चटईवर, एकदा लाद्यांवर. स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे यांनी आपल्या स्वतःच्या तीन मुलांकडे असंच बघत बसून वह्या भरल्या, आणि त्यावरचं पुस्तक 1936 साली आलं. त्यांचा मुलगा जेमतेम दहा महिन्यांचा असताना वस्तू खाली सोडत होता, दर वेळी हात वेगळ्या ठिकाणी धरून. आपण म्हणतो मूल फेकाफेकी करतंय. पियाजे म्हणाले, ते प्रयोग करतंय, एक गोष्ट बदलून बघतंय.

अलीकडचंही सांगतो. 2015 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एमी स्टाल आणि लिसा फायगेनसन या दोघींनी अकरा महिन्यांच्या बाळांना हातचलाखी दाखवली. काहींना अशी वस्तू दाखवली, की ती जणू भिंतीच्या आरपार गेली. काहींना अशी, की आधार संपला तरी ती पडली नाही, अधांतरी राहिली. मग ती वस्तू बाळांच्या हातात दिली. भिंतीतून गेलेली वस्तू मिळाली त्या बाळांनी ती आपटून बघितली. अधांतरी राहिलेली मिळाली त्या बाळांनी ती खाली टाकून बघितली. म्हणजे शंका जशी, तसा प्रयोग! आणि त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. मी आठवीच्या मुलांना हेच शिकवायला वर्षभर धडपडायचो.

आजी आणि माझं अजून पटत नाही, ते नको या शब्दावर. मी म्हणतो, तो शब्द साखरेसारखा वापरू नये, औषधासारखा वापरावा. गॅस, रस्ता, खिडकी आणि दुसऱ्याला मारणं, या चार गोष्टींना माझं नको आहे, आणि तिथं मी हटत नाही. ती रडली तरी नाही. बाकी ठिकाणी मी "हे घे" म्हणायला शिकलोय. ती चष्मा मागते, तेव्हा मी चष्म्याचं घर देतो. रिकामं.

भीती गेली का? नाही. परवा तिनं चिंचोका तोंडात घातला आणि माझ्या छातीत तीच कळ आली. बोट घालून शोधू नये, मागे ढकललं जातं, हे माहीत होतं म्हणून थांबलो. तिला पुढे वाकवलं आणि हात पसरला. तिनं तो माझ्या हातावर थुंकला आणि हसली. डोळा लागण्याचा प्रश्नच येत नाही आता. ती जागी असताना मी पेपर वाचत नाही. घर कितीही आवरलं तरी माणसाच्या डोळ्यांना पर्याय नाही, हे मी त्या बाकावर शिकलो.

आणि तुम्हाला सांगायची शेवटची गोष्ट. मागच्या महिन्यात ती पहिला प्रश्न विचारायला लागली. आम्ही घरात मराठी बोलतो, पण स्वयंपाकाच्या मासी दिवसभर तिच्याशी बंगालीत बोलतात. त्यामुळे प्रश्न बंगालीत आला. बोट दाखवायचं आणि विचारायचं, "एटा की?" हे काय? ट्रामची तार, एटा की. कावळा, एटा की. माझा पांढरा केस, एटा की. भिंतीवरची माझी सावली, एटा की. मी उत्तर देतो मराठीत. ती ऐकते आणि लगेच पुढचं बोट दाखवते. काल मी मोजलं. सकाळच्या चहापासून आंघोळीपर्यंत एक्केचाळीस वेळा.

तेहतीस वर्षं मी विचारत होतो, कुणाला काही शंका? आता रोज मला उत्तर मिळतंय, आणि खरं सांगतो, मी दमतोय. पण मुलाच्या रेडिओचं देणं आहे माझ्यावर. मी त्याला आता म्हटलंय, तुझा जुना ट्रान्झिस्टर गावाहून आणू, आणि ही पाच वर्षांची झाली की तिघं मिळून उघडू. सेल आधी काढून ठेवू.

ऐकलंत? काहीतरी पडलं. पातेलं असावं. आता पुन्हा उचललं... आणि पुन्हा पडलं. म्हणजे ठीक आहे. पण जातो मी, बघायला पाहिजे.

 तुमच्या घरी एवढं मूल असेल, तर आज रात्री टॉर्च घेऊन गुडघ्यांवर एक फेरी मारा.